रंग चढायच्या आदल्या दिवशी

पहिला टोमॅटो गेला तेव्हा मला राग आला नाही. भिंतीच्या कडेवर बसून, पुढच्या दोन्ही पायांत तो धरून, हळूहळू फिरवत ती खार खात होती आणि मी पाण्याची झारी हातात तशीच धरून बघत उभा होतो. शेपूट पाठीवर उलटी घेतलेली, मिश्या रसाने चिकटलेल्या. मुठीत मावेल असं, शंभर ग्रॅमच्या आसपासचं जनावर. खाऊन खाऊन खाणार ते किती, असं मनाशी म्हणत मी पुढच्या वाफ्याकडे वळलो.

तो हिशेबच चुकला. खार टोमॅटो खात नाही, चाखते. दोन घास घेते, खाली टाकते आणि शेजारच्या फळाकडे वळते. पंधरा दिवसांत वाफ्यात अर्धवट कुरतडलेल्या टोमॅटोंचा सडा पडला. त्यांना मुंग्या लागल्या, मग फळमाश्या आल्या, मग वास. एक अख्खं फळ घेऊन गेली असती तर मी कदाचित आयुष्यभर गप्प बसलो असतो. उष्टं करून टाकलेलं मात्र सहन होत नाही. शेजारच्या काकांनी ‘खारीचा वाटा’ हा विनोद तिसऱ्यांदा केला तेव्हा मी त्यांना टोमॅटो देणं बंद केलं. तसेही द्यायला उरले नव्हतेच.

घरामागे दहा पावलं लांब आणि आठ पावलं रुंद अशी जागा आहे. चार वाफे: टोमॅटो, वाटाणा, मका, स्ट्रॉबेरी. कडेने पेरू, डाळिंब, अंजीर. एका कोपऱ्यात काकडी आणि भोपळ्याचा मांडव. मी शेतकरी नाही, ऑफिसातून आल्यावर आणि सुट्टीच्या दिवशी मातीत हात घालणारा माणूस आहे. पुढे जे सांगतोय ते तीन हंगामांचं आहे, आणि त्यातला पहिला निव्वळ मूर्खपणात गेला.

सुरुवात सगळे करतात तिथूनच केली: मिरचीचं पाणी. सुक्या मिरच्या उकळल्या, गाळल्या, चिकटून राहावं म्हणून साबणाचे दोन थेंब घातले आणि फवारा मारला. कल्पना तशी चुकीची नाही. मिरचीतल्या कॅप्सेसिनने सस्तन प्राण्यांचं तोंड भाजतं, पक्ष्यांना ते जाणवत नाही. म्हणजे खार पळेल आणि पक्षी किडे खायला येत राहतील. पण वाऱ्याची दिशा बघायची असते हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पहिला फवारा माझ्याच तोंडावर आला. अर्धा तास नळाखाली डोळे धरून बसलो. दोन दिवस खार खरंच फिरकली नाही, तिसऱ्या दिवशी पाऊस आला आणि चौथ्या दिवशी ती आली. नंतर मुलीने झाडावरचा टोमॅटो न धुता तोंडात टाकला, तेव्हा या प्रयोगावर घरातूनच बंदी आली.

मग चकाकणाऱ्या सीडी टांगल्या. बुजगावणं केलं. लसणाच्या पाकळ्या ठेचून टाकल्या. प्रत्येकाला तीन ते पाच दिवसांचं आयुष्य मिळालं, यापेक्षा जास्त लिहिण्यासारखं त्यात काही नाही. कोणी डांबरगोळ्या सुचवल्या होत्या. त्या मी वापरल्या नाहीत आणि तुम्हीही खाण्याच्या वाफ्यात टाकू नका. नॅफ्थलीन विषारी असतं, आणि लहान मुलांना त्या खाऊच्या गोळ्यांसारख्याच दिसतात.

लाल दगडांचा प्रयोग मात्र सांगायलाच हवा. टोमॅटोएवढे गोटे घेऊन मुलीने त्यांना लाल रंग दिला, वर हिरवे देठही काढले. फळ लागायच्या आधी ते वाफ्यात मांडायचे, खार येऊन चावेल, दात आपटतील आणि धडा घेईल अशी योजना होती. दोन आठवडे दगड तसेच पडून राहिले, एकाही दगडावर ओरखडा नाही. शेजारच्या झाडावरचा पहिला टोमॅटो मात्र बरोबर रंग धरू लागला त्याच दिवशी गेला. नंतर वाचनात आलं की खारींना माणसासारखी तीन रंगांची दृष्टी नसते, लाल आणि हिरवा यांतला फरक त्यांना नीट कळत नाही. फळ तयार झाल्याचं तिला रंगावरून नव्हे तर वासावरून कळत असणार. म्हणजे दगड फक्त आम्हालाच टोमॅटोसारखे दिसत होते. त्यातले तीन अजून पायरीवर आहेत, दार वाऱ्याने आपटू नये म्हणून.

या सगळ्या काळात एक साधी गोष्ट मी केली नव्हती. नक्की कोण खातंय हे बघितलंच नव्हतं. एकदा खार रंगेहाथ सापडली म्हणून बागेतला प्रत्येक गुन्हा तिच्या नावावर चढवत होतो. आधी वाफ्याभोवती पिठाचा पातळ थर पसरून बघितला. सकाळी ठसे उमटले होते: पुढच्या पायाला चार बोटं, मागच्या पायाला पाच. मी खूश. मग लक्षात आलं की उंदराचंही तसंच असतं. खार काय, उंदीर काय, दोघंही कृंतक, म्हणजे कातरणाऱ्यांच्याच घरातले. त्यांचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात आणि ते झिजवायला त्यांना सतत काहीतरी कुरतडावं लागतं. माझ्या ठिबकच्या नळीला दर हातभर अंतरावर भोकं का पडत होती, तेही तेव्हा कळलं. त्यात खाण्यासारखं काय आहे म्हणून मी डोकं खाजवत होतो.

शेवटी उपयोगी पडली ती एक जुनी वही. रोज दिवेलागणीला आणि रोज उजाडताच झाडावरची शाबूत फळं मोजायची, बस्स. खार दिवसाची आहे, अंधार पडल्यावर ती घरट्यात असते. संध्याकाळी मोजलेलं फळ सकाळी उजाडताच कुरतडलेलं सापडलं तर ते खारीचं काम नाही. दहा दिवसांत वहीने मला गप्प केलं. जवळजवळ तिसरा हिस्सा रात्री जात होता, म्हणजे उंदीर. काही फळांना गोल, स्वच्छ भोक आणि आत ओली विष्ठा, म्हणजे अळी. काहींवर चोचीचे खोल, टोकदार वार. उरलेली, बाजूने घास तोडलेली आणि सालीच्या कडेला जोडीने दातांच्या रेघा असलेली, तेवढीच खरी खारीची. रेघा बघायला फळ उन्हात तिरकं धरायचं, मग गरात दोन-दोन बारीक पन्हाळी दिसतात, नखाने ओढल्यासारख्या.

उंदरांचा प्रश्न वेगळा होता आणि सोपाही. कंपोस्टच्या ड्रमला झाकण नव्हतं, खाली फट होती. झाकण आणलं, फट बंद केली, पडलेली फळं रोज संध्याकाळी उचलायला लागलो. विषाच्या गोळ्या टाकल्या नाहीत, कारण विष खाल्लेला उंदीर मांजर किंवा घुबड खातं आणि विष तिथेच थांबत नाही. महिनाभरात वहीतला रात्रीचा रकाना जवळजवळ कोरा झाला. पडलेली फळं उचलायची सवय तेव्हा लागली ती आजपर्यंत आहे.

दुसऱ्या हंगामात नायलॉनची जाळी आणली. हलकी, स्वस्त, अंथरायला सोपी. पहिल्याच सकाळी तिला बोट जाईल एवढं भोक होतं, दुसऱ्या दिवशी मूठ जाईल एवढं. ते एक वेळ चाललं असतं. चौथ्या दिवशी जाळीत बुलबुल अडकला होता. एक पाय आणि पंख असे गुंडाळले गेले होते की धडपडेल तितका फास आवळत होता. मी नखं कापायची छोटी कात्री आणली आणि एका हाताने त्याला रुमालात धरून एकेक धागा कापला. हातात त्याचं काळीज एवढ्या जोरात उडत होतं की ते माझ्याच बोटांत वाजतंय असं वाटत होतं. सुटल्यावर तो कुंपणावर बसला, पिसं झटकली आणि मला शिव्या दिल्यासारखा ओरडून गेला. त्याच दिवशी जाळी काढून टाकली. सैल लोंबणारी बारीक जाळी कुठेच लावू नये असं माझं मत आहे, आणि या मतावर मी वाद घालत नाही.

मग पिंजरा आणला. चापाचं दार असलेला, जिवंत पकडायचा. पकडून लांब नेऊन सोडू, कोणाला इजा नाही, आपल्यालाही त्रास नाही, अशी सोयीची कल्पना. आत शेंगदाणे ठेवले. तासाभरातच दार खाली आलं.

जवळ गेलो तेव्हा ती कोपऱ्यात अंग चोरून बसली होती. बरगड्या भराभर खालीवर होत होत्या. तारेवर नाक घासून घासून ते थोडं सोललं होतं. मी पिंजरा उचलला तशी ती तारेला चारही पायांनी उलटी लटकली आणि तिचं पोट माझ्या तोंडासमोर आलं. स्तनं फुगलेली होती, भोवतालचे केस ओढले जाऊन विरळ झालेले. ती पाजती आई होती. गेल्या महिन्यात टांगत्या कुंड्यांतला काथ्या कोण उपसून नेतंय हे कोडं मला पडलं होतं. तो काथ्या आता कुठल्यातरी पन्हाळीत अंथरलेला असणार आणि त्यावर दोन-तीन आंधळी पिल्लं असणार. मी गाडीची किल्ली खिशात घेऊनच आलो होतो. तिला लांब नेऊन सोडलं असतं तर ती पिल्लं दोन दिवसांत मेली असती, आणि मी मात्र कोणाला इजा केली नाही असं म्हणत टोमॅटो खाल्ले असते.

दार उघडलं. ती सरळ भिंतीवर, तिथून पेरूवर. तिथून शेपूट झटकत अर्धा तास चिर्र चिर्र करत राहिली.

त्या रात्री जरा वाचलं. २००४ सालच्या एका अभ्यासात शहरालगतच्या वस्तीतून पकडून जंगलात सोडलेल्या करड्या खारींचा माग ठेवला होता. त्यातल्या ९७ टक्के थोड्याच दिवसांत मेल्या किंवा त्या भागातून नाहीशा झाल्या. नव्या जागी घरटं नाही, साठवलेलं अन्न नाही, आधीच्या खारी जवळ येऊ देत नाहीत. वर कित्येक ठिकाणी परवानगीशिवाय वन्य प्राणी पकडून हलवणं हा गुन्हाही आहे. शिवाय इकडे रिकामी झालेली जागा शेजारची दुसरी खार भरून काढतेच. पिंजरा माळ्यावर गेला.

आता माझ्या आईचं प्रकरण. मोजणीच्या नादात मी पहाटे चहा घेऊन मागच्या पायरीवर बसायला लागलो होतो. चार दिवसांत लक्षात आलं की खार उठल्यावर आधी टोमॅटोकडे जातच नाही. ती सात वाजता स्वयंपाकघराच्या खिडकीवर जाते. ठरल्यासारखी. पाचव्या दिवशी मी आत जाऊन उभा राहिलो. आईने डब्यातून मूठभर शेंगदाणे काढले आणि कट्ट्यावर ठेवले.

“आई, हे रोज घालतेस तू?”

“चिमण्यांना घालते. तीही खाते त्यातले दोन.”

“दोन? आणि कधीपासून?”

“तुझे टोमॅटो लागायच्या आधीपासून.” मग माझ्याकडे न बघता, “आणि अरे, तिला पिल्लं झालीयत, ठाऊक आहे ना तुला? तूच तर सांगितलंस.”

म्हणजे वर्षभर मी मागच्या दाराने खारीला हाकलत होतो आणि पुढच्या खिडकीतून तिला आमंत्रण जात होतं. तेही सहकुटुंब, कारण खाणं हमखास मिळतं तिथे खारी जास्त जमतात हे उघड आहे. मी म्हटलं, दाणे बंद कर. आई म्हणाली, “तू टोमॅटो बंद कर, मी दाणे बंद करते.” वाटाघाटी आठवडाभर चालल्या. शेवटी दाणे बंद झाले, आणि पुढच्या सहा दिवसांत टोमॅटोचं नुकसान दुप्पट झालं. साहजिकच होतं. ज्यांना आईने खिडकीवर जमवलं होतं त्या सगळ्या उपाशी होऊन वाफ्यावर आल्या. आईने काही बोलून दाखवलं नाही, फक्त वहीकडे बघून हसली. मग पुन्हा दाणे सुरू केले आणि दर आठवड्याला थोडे कमी करत नेले. दोन महिन्यांनी खिडकी मोकळी झाली. आता तिथे पाण्याची एक उथळ वाटी असते. कोरड्या दिवसांत खारी पाण्यासाठीही रसाळ फळं चावतात असं म्हणतात. वाटीमुळे माझं नुकसान किती घटलं ते मी छातीठोक सांगणार नाही, पण खारी तिथे पाणी पितात हे रोज बघतो.

खरा फरक पडला तो अगदीच बिनकष्टाच्या गोष्टीने. वही चाळताना दिसलं की हिरव्या टोमॅटोला खार जवळजवळ हात लावत नाही. जे गेले ते सगळे रंग धरू लागल्यानंतर. मी पूर्ण लाल होण्याची वाट बघायचो आणि ती माझ्या दोन-तीन दिवस आधी यायची. आमच्यातली सगळी लढाई या दोन-तीन दिवसांची होती.

टोमॅटो पुरता वाढला की त्यातून इथिलीन वायू सुटायला लागतो आणि फळ आपलं आपण पिकत जातं. याची पहिली खूण तळाशी दिसते, देठाच्या विरुद्ध टोकाला. हिरव्याचा आधी पांढुरका होतो आणि मग बोटाच्या पेराएवढा फिकट गुलाबी-पिवळा डाग उमटतो. हा डाग दिसला त्या दिवशी फळ तोडलं तरी ते घरात व्यवस्थित पिकतं. देठासकट तोडायचं, एकावर एक न रचता टोपलीत ठेवायचं, उन्हात नको आणि फ्रिजमध्ये तर मुळीच नको. वीस ते पंचवीस अंश तापमान उत्तम. तीस अंशांच्या वर लाल रंग नीट चढत नाही, फळं नारिंगीच राहतात, म्हणून कडक उन्हाळ्यात घरातली गार जागा शोधायची. मला वाटलं होतं चवीत मार खाऊ. एकदा झाडावर लाल झालेले, कसेबसे वाचवलेले चार टोमॅटो आणि टोपलीत पिकलेले चार, असे वेगवेगळ्या बशांत कापून घरात सगळ्यांना दिले. मुलीने चुकीची बशी झाडाची म्हणून सांगितली, आईने दोन्ही संपवल्या.

तेव्हापासून रोज संध्याकाळी वाफ्यात वाकून टोमॅटोंचे तळ बघत फिरतो. डाग दिसला की तोडला. फक्त एवढ्याने खारीचं नुकसान आधीच्या चौथाईवर आलं, आणि मी तोपर्यंत विकत आणलेल्या सगळ्या उपायांनी मिळून तेवढं झालं नव्हतं.

पण ही युक्ती सगळ्या फळांना चालत नाही. पेरू, अंजीर, टोमॅटो तोडल्यावरही पिकत राहतात. त्यातही अंजीर फार आधी तोडलं तर ते रबरासारखं राहतं. स्ट्रॉबेरी आणि डाळिंब तोडलं त्या क्षणी जे आहे तेच राहतं, पुढे गोडी वाढत नाही. मक्याचं कणीस तर कोवळं-दुधाळ असतानाच खायचं आणि नेमकं तेव्हाच खारीलाही ते हवं असतं. पानं वरून सोलून, दाणे ओळीने काढून, ती कणीस असं साफ करते की बघत राहावं. मका मी सोडून दिला. काही भांडणं जिंकण्यासारखी नसतात, आणि मक्याला जागाही फार लागते.

वाटाण्याचं वेगळंच. तिथे फळाचा प्रश्न नव्हता, बियांचा होता. नुकती हलवलेली भुसभुशीत माती दिसली की खारीला ती उकरल्याशिवाय राहवत नाही. ती स्वतः दाणे असेच मातीत ठिकठिकाणी पुरते, त्यामुळे उकरलेली जागा म्हणजे कोणीतरी काहीतरी ठेवलंय असाच तिचा समज होत असणार. मी टोकलेले वाटाणे दुसऱ्या दिवशी ओळीने वर. उपाय सोपा निघाला. टोकणी झाली की वाफ्यावर तारेची जाळी सपाट अंथरायची आणि कडेला विटा ठेवायच्या. रोपं जाळीला टेकायला लागली की उचलायची. तोवर मातीचा नवेपणा गेलेला असतो.

उरल्या स्ट्रॉबेरी, आणि टोमॅटोतला तो चौथा हिस्सा. त्यासाठी तिसऱ्या हंगामाच्या आधी खोली बांधली. पिंजरा म्हणत नाही, कारण आत जाऊन बसतो मी. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, माझ्या डोक्याच्या वर चार बोटं उंच. लाकडी चौकट आणि जस्ताचा मुलामा दिलेली वेल्डेड जाळी. जाळीचा चौकोन अर्ध्या इंचाचा, साधारण बारा मिलिमीटर. आधी एक इंचाची आणली होती, स्वस्त पडते म्हणून. मोठी खार अडली. महिन्याने पिल्लं बाहेर पडली आणि ती त्या चौकोनांतून पाणी गळावं तशी आत आली. सगळी जाळी उचकटून पुन्हा लावली. त्या दोन सुट्ट्यांबद्दल मी घरात कोणाला बोलू देत नाही.

बांधताना काही गोष्टी हाताला फोड आल्यावर कळल्या. वरून छत हवंच, नाहीतर बाजूच्या भिंती म्हणजे खारीसाठी शिडी. जाळीचे दोन पन्ने जिथे मिळतात तिथे चार बोटं एकमेकांवर घ्यायचे आणि दर वितीला तारेने पक्कडने पीळ द्यायचा. जाळी जमिनीशी संपवायची नाही, वीतभर खाली पुरून बाहेरच्या बाजूला वळवायची. खारीपेक्षा उंदरासाठी ते जास्त लागतं. कापलेल्या टोकांवर हात गेला की रक्त येतंच, हातमोजे घाला. अर्ध्या इंचातून मधमाशी आरामात ये-जा करते. भुंग्यासारखी मोठी मंडळी मात्र अडतात. टोमॅटोचं काम त्यांच्यावाचूनही चालतं, कारण एकाच फुलात दोन्ही भाग असतात. दुपारच्या आधी काठीने खोडावर हलकी टिचकी मारली की झालं. काकडी-भोपळ्याची नर आणि मादी फुलं वेगळी, त्यांना माश्या मोकळ्या हव्यात, म्हणून तो मांडव बाहेरच राहू दिला. भोपळ्याच्या जाड सालीच्या वाटेला खार फारशी जात नाही.

झाडांना खोली बांधता येत नाही. पेरूच्या खोडाला माझ्या छातीपेक्षा उंचावर दोन फूट रुंदीचा गुळगुळीत पत्रा गुंडाळला. खोड वाढेल तशी सैल होणारी स्प्रिंग लावली, नाहीतर पत्राच झाडाला आवळतो. पहिल्या दिवशी खार पत्र्यावर घसरली, खाली आली, मान वर करून बराच वेळ बघत बसली. मी आत जाऊन सगळ्यांना बोलावून आणलं. बाहेर येईपर्यंत ती पेरूवर होती. भिंतीवरून फांदीवर उडी. मागचे पाय घोट्यात उलटे वळत असल्याने ती डोकं खाली करून सरळ खोडावरून उतरली, पत्र्यापर्यंत आली आणि तिथून मागे वळून भिंतीमार्गे घरी गेली. भिंतीकडच्या आणि छपराकडच्या फांद्या छाटल्याशिवाय पत्र्याचा काही उपयोग नाही. चांगल्या आठ-दहा फुटांची मोकळीक लागते, आणि माझ्या बागेत तेवढी होत नाही. म्हणून पेरूला पत्रा नावापुरता आहे. खालच्या फांद्यांचे पेरू मी पिवळे पडायच्या आत काढतो, वरचे खारींचे.

डाळिंबं मात्र वाचवली. कापडी पिशव्या तिने दातांनी टाके उसवल्यासारख्या कापल्या, कागदी पिशव्या पावसात विरघळल्या, प्लास्टिकच्या बाटल्या कापून घातल्या तर आत घाम सुटून फळं सडली. उरलेल्या वेल्डेड जाळीचे तुकडे वळून लहान डबे केले आणि एकेका डाळिंबावर चढवले. फळ वाढून तारेला टेकलं तर ती बाहेरून दात लावते, म्हणून डबा फळाच्या दीडपट घ्यायचा आणि त्याचं वजन फळावर न येता फांदीला बांधायचं. सतरा डबे केले. झाड लांबून एखाद्या प्रयोगशाळेसारखं दिसतं. आई म्हणते, झाडाला दागिने घातलेयस. ते कौतुक आहे की टोमणा, हे मी विचारलेलं नाही.

या हंगामात वहीत खारीच्या रकान्यात आतापर्यंत नऊ टोमॅटो आहेत. त्यातला नववा गेल्या रविवारचा.

खोलीला दार आहे आणि दाराला कडी आहे. सगळी जाळी, सगळे पीळ, वीतभर पुरलेला पन्ना, हे सगळं त्या एका कडीवर अवलंबून आहे. मी खत घालून पाणी प्यायला आत आलो, कडी लावायची राहिली. मुलगी खिडकीतून ओरडली, “बाबा, दार!” धावत गेलो तर खार आत. मला बघताच छताला, मग भिंतीला, मग पुन्हा छताला. शेपूट बाटली धुवायच्या ब्रशासारखी फुललेली. माणूस जवळ असेपर्यंत तिला उघडं दार दिसत नाही, हे एव्हाना मला माहीत झालं होतं. दार सताड उघडून दगड लावला, त्या लाल दगडांपैकीच एक, आणि आत जाऊन खिडकीतून बघत राहिलो.

मी गेल्यावर ती शांत झाली. खाली उतरली. स्ट्रॉबेरीकडे बघितलंही नाही. टोमॅटोच्या तिसऱ्या झाडापाशी गेली, पानांच्या गचपणात शिरली आणि आतून एक पूर्ण लाल टोमॅटो घेऊन आली. मी आदल्याच संध्याकाळी त्या झाडाचे सगळे तळ तपासले होते. तो तोंडात धरून ती दारातून बाहेर पडली, पायरीवर बसली, दोन घास खाल्ले आणि टाकून दिला.